दुसऱ्या अंकात विझणारा दिवा: बॅटरीवरचा टेबल लॅम्प घेताना या चुका टाळा

आमच्या गावच्या जत्रेतलं नाटक रात्री बाराच्या आत कधी सुरू झालेलं मला आठवत नाही. मी त्यात प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना विसरलेली वाक्यं विंगेतून सांगणारा. विंगेत एक स्टूल, मांडीवर संहिता आणि शेजारी बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी टेबल लॅम्प. तीन वर्षांपूर्वी नवा लॅम्प घेतला होता, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘८ तास’. पहिला अंक छान गेला. दुसऱ्या अंकात नायकाचं स्वगत रंगात आलं आणि माझा उजेड हळूहळू खाली जाऊ लागला. मी संहिता दिव्याच्या जवळ नेत गेलो, नेत गेलो, आणि ऐन वाक्यात दिवा गेला. नायक माझ्याकडे बघतोय, मी काळ्या कागदाकडे. शेवटी रंगभूषावाल्या काकांनी मोबाइलची टॉर्च धरली म्हणून निभावलं.

तेव्हापासून या दिव्यांच्या मागेच लागलो. शिवाय गरज घरातही होती. मुलगी दहावीला, बाबा पहाटे उठून पोथी वाचणारे, आणि आमच्या गोव्यात, फोंडा तालुक्यातला जून-जुलै म्हणजे फणसाची फांदी तारेवर पडली की लाईट गेलीच. आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी होते: सुकी मासळी, मिरच्या, सोलं, पापड. त्या यादीत आता हा दिवाही असतो. पण मिरची बोटांनी चुरडून, हुंगून घेणारी माणसं दिवा मात्र खोकं वाचून घेतात. पहिली चूक इथेच होते.

‘८ तास’ म्हणजे कुठले आठ तास?

बहुतेक वेळा सगळ्यात मंद उजेडाचे. म्हणजे ज्या उजेडात बाबांना पोथीतली ओळही दिसणार नाही, त्या उजेडाचे. पूर्ण उजेडावर दिवा किती चालेल याचा हिशेब घरच्या घरी जमतो, आणि तो दुकानात उभ्या उभ्या करावा.

बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा तिच्यावर एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-अवर) असतो. लिथियम सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट. एमएएचला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा, की वॉट-अवर मिळतात. १२०० एमएएच म्हणजे साधारण ४.४ वॉट-अवर. दिवा ५ वॉटचा असेल, तर हिशेबाने पाऊण तासाच्या थोडा वर आणि सर्किटमधली गळती धरली तर पाऊणच तास. ४००० एमएएचला १४.८ वॉट-अवर येतात, म्हणजे गळती धरून पूर्ण उजेडावर अडीच तास आणि अर्ध्या उजेडावर पाच. वॉट लिहिलेलेच नसतील तर? मग दुसरा दिवा बघा.

आता दुसरी गंमत. या दिव्यांत बहुधा १८६५० नावाची सेल असते. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, त्यावरूनच हे नाव पडलंय. चांगल्यातली चांगली अशी एक सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबते. दांड्यात एकच सेल मावेल एवढी जागा आणि खोक्यावर ९९०० एमएएच, असं दिसलं की खोकं शांतपणे परत ठेवायचं. सेल सुटी बघायला मिळाली तर हातात तोलून बघा. खरी ४५ ग्रॅमच्या आसपास भरते, बनावट हाताला पोकळ लागते. लिथियम बॅटरीवर आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे कळतं. दुकानदार जरा रागावतो. रागावू दे.

तास पुरे असले तरी एक प्रश्न उरतोच: उजेड शेवटपर्यंत तसाच राहतो का? भरलेली लिथियम सेल ४.२ व्होल्टवर असते आणि वापरता वापरता तीन-सव्वातीनपर्यंत उतरते. स्वस्त दिव्यात सेल आणि एलईडीच्या मध्ये करंट अडवणारा नुसता एक रेझिस्टर असतो, त्यामुळे दाब उतरेल तसा उजेडही उतरतो. डोळ्यांना हे लगेच कळत नाही, मान मात्र पुस्तकाकडे वाकत जाते. मी संहिता दिव्याकडे सरकवत होतो ती याच पायी. बऱ्या दिव्यात कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर असतो. तो शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांपर्यंत उजेड धरून ठेवतो. खोक्यावर हे क्वचितच लिहिलेलं असतं. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी पूर्ण उजेडावर लावून घड्याळ बघा आणि परत करायची मुदत संपायच्या आत निकाल लावा.

लुमेन मोजू नका, पान बघा

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. वाचणाऱ्याला हवा असतो तो पानावर पडणारा उजेड, तो लक्समध्ये मोजतात. लिहिण्या-वाचण्याला ३०० ते ५०० लक्स ठीक. छोटा दिवा ३० सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटरवर नेला की पानावरचा उजेड जवळपास चौथाईवर येतो. म्हणून मान आखूड असलेला ‘४०० लुमेन’चा दिवा टेबलाच्या कोपऱ्यात उजेड पाडतो आणि वही अंधारात. दुकानात वही उघडून खाली धरा, लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला दिवा ठेवा. सावली कुठे पडते ते दिसेल. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप असतात. त्यांचा आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन दिव्यांची तुलना करायला चालतो.

रंगाचं थोडक्यात. तो केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर, जास्त तेवढा निळसर पांढरा. अभ्यासाला ४००० केल्विनच्या आसपास, झोपायच्या आधी २७०० ते ३०००. स्वस्त दिवे बहुधा ६५०० केल्विनचे पांढरेफटक असतात. आपल्याकडे ते टाळायला आणखी एक कारण आहे: किडे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरचा फॉस्फरचा पिवळा लेप त्याला पांढरं करतो. पांढरेफटक दिवे निळसर किरण जास्त सोडतात आणि किडे त्याच किरणांकडे जास्त ओढले जातात. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी निघते त्या संध्याकाळी मुलीच्या टेबलावर दोन्ही रंग लावून बघा. उबदार रंगाखाली किडे येतातच, पण वहीवरून झाडावे लागतील इतके नाही.

उजेड थरथरतो का, तेही बघून घ्या. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा आणि उजेड सगळ्यात मंद करा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर त्या दिव्याखाली तासभर वाचून डोकं दुखायची शक्यता धरा.

टच स्विच, आणि माझी फजिती

टच स्विच दिसायला छान. पण जुलैतला घाम, ओली बोटं आणि त्यावर तो स्विच, हे तिघे एकत्र आले की दिवा आपल्या मनाचा कारभार करतो. एका प्रयोगात माझं कोपर त्याला लागलं आणि विंगेतून पांढराशुभ्र झोत थेट रंगमंचावर गेला. रंगमंचावर तेव्हा नायकाची आई मरत होती. प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, ‘‘देव आयलो गे!’’ तेव्हापासून मी दाबायच्या बटणाचा दिवा घेतो, आणि आधीचा उजेड लक्षात ठेवणारा. दर वेळी पूर्ण पांढऱ्यापासून सुरू होणारा दिवा नाटकालाही नको आणि बाळ झोपलेल्या खोलीतही नको.

गोव्याच्या हवेत काय बिघडतं

इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पुण्या-मुंबईकडचे सल्ले आपल्याला अर्धेच लागू पडतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि किनाऱ्याकडे घर असेल तर वर खारी हवा. वाकणाऱ्या मानेतली स्प्रिंग आतून गंजते आणि मान टाकते. चार्जिंगच्या तोंडात हिरवट पूड जमते. तेवढ्याने दिवा चार्ज होणं बंद पडतं आणि आपण बॅटरी गेली म्हणून मोकळे होतो. दिवा बंद करून, केबल काढून, मऊ ब्रश आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते तोंड साफ करा, नीट सुकू द्या आणि मग लावा. तोंडाला रबराचं झाकण असलेला दिवा मिळाला तर दहा-वीस रुपये जास्त द्यायला हरकत नाही. पावसात वापरात नसेल तेव्हा तो सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे तो पापडांच्या शेजारी असतो.

सगळ्यात जास्त दिवे मात्र पावसाने मरत नाहीत, ते कपाटात मरतात. चतुर्थी झाली, पाऊस सरला, दिवा कपाटावर गेला तो थेट पुढच्या जूनला खाली. जुन्या पद्धतीच्या रिचार्जेबल दिव्यांत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. ती भरूनच ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी चार्ज करायची. लिथियमचं उलट: फार दिवस ठेवायची असेल तर अर्धी भरलेली बरी. हे लक्षात राहत नाही म्हणून बायकोने एक युक्ती काढली. एक सोडून एक संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघता बघता घरातले सगळे दिवे बघायचे.

चार्जच होत नाही? थांबा, फेकू नका

केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर आधी केबल बदला. टाइप-सी तोंडाचा चार्जर समोरच्या यंत्राची ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ती ओळख देणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर स्वस्त दिव्यांत घातलेलेच नसतात. जुन्या चौकोनी यूएसबी तोंडाच्या चार्जरला आणि तशा केबलला तोच दिवा निमूटपणे चार्ज होतो. या एका कारणाने परत केलेले दोन चांगले दिवे मला ठाऊक आहेत, त्यातला एक मीच केलेला.

पॉवर बँकेवर लावलेला दिवा थोड्या वेळाने आपोआप विझत असेल तर दोष दिव्याचा नसतो. मंद उजेडावर तो इतका कमी करंट ओढतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. उजेड एक पायरी वाढवून बघा. काही दिवे तर चार्जिंग चालू असताना पेटतच नाहीत. ते दुकानातच विचारून घ्यायचं. दिवा लागून लगेच विझत असेल तर सेल म्हातारी झाली, ती बदलावी लागेल. सेल फुगलेली दिसली तर चार्जिंग तिथेच थांबवा. टोचायची नाही, दाबायची नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

विंगेत विझलेला माझा तो दिवा मी टाकला नव्हता. फोंड्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने तो उघडला. आत एकच सेल, वर नाव ना गाव. त्याच्या यंत्रावर ती जेमतेम १२०० एमएएच भरली. त्याने ३००० ची चांगली सेल टाके मारून बसवली. आता पूर्ण उजेडावर तो पावणेदोन-दोन तास जातो. आमचं नाटक तीन अंकी, मध्यंतरात भाषणं आणि सत्कार वेगळे, म्हणून पहिल्या घंटेलाच मी उजेड अर्ध्यावर आणतो.