गरिबी, दुष्काळ, मरण असलेल्या कादंबऱ्या अर्ध्यात सुटत असतील तर अशा वाचून बघा

‘फार जड आहे, वाचून डिप्रेस व्हायला होतं’ असं म्हणून लोक चांगल्या चांगल्या कादंबऱ्या पन्नास पानांत सोडून देतात आणि मला खरंच हळहळ वाटते, कारण बऱ्याचदा माणसं जिथं एकमेकांच्या जवळ यायला लागतात तिथंच पुस्तक बंद झालेलं असतं.

सुरुवात लहान पुस्तकाने करा. माझं मत विचाराल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 सालची. माणदेशातली धनगरांची वस्ती, औंध संस्थानाचा काळ, आणि तिथं नव्यानं आलेला एक कोवळा मास्तर. लायब्ररीत हमखास मिळते. पहिल्या बैठकीत निदान तीस-चाळीस पानं सलग वाचा, रोज झोपताना दोन-दोन पानं असं केलं तर नावं डोक्यात बसत नाहीत आणि मग सगळी माणसं सारखीच वाटायला लागतात. बोली अडली तर तेवढा संवाद मोठ्यानं वाचायचा, कानाला लगेच कळतं, प्रत्येक शब्दाला मोबाईल उघडू नका.

आता मुख्य गोष्ट. वाचताना कोण किती दुःखी आहे हे मोजत बसू नका, कोण कोणासाठी काय करतंय ते बघा. हातात पेन्सिल ठेवा आणि कोणी कोणाला काही दिलं, मागितलं, नाकारलं, कोणाचं ओझं उचललं की समासात बारीक खूण करा (लायब्ररीचं पुस्तक असेल तर वहीत पान नंबर लिहा प्लीज). बनगरवाडीत शेकूकडे औताला दुसरा बैल नसतो तर त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते, हा प्रसंग वाचताना घाईघाईत हळहळून पुढं जाऊ नका, थांबून बघा की लेखक दया करा असं कुठंच म्हणत नाही, नुसतं काम दाखवतो. नवरा-बायकोचं नातं त्या जुवातच आहे. तसंच मास्तर आणि म्हातारा कारभारी. परक्या पोराला म्हातारा आधार देतो, पुढे गैरसमज होऊन दोघांत अंतर पडतं, आणि हे सगळं मोठमोठ्या भाषणांत नाही तर कोण कोणाशी बोलायचं थांबलं एवढ्यातून कळतं. गाव मिळून तालीम बांधतं तो भाग तर खुणांनी भरून जाईल बघा, म्हणून मग दुष्काळात तेच गाव ओस पडायला लागतं तेव्हा आपलं काय गेलं ते नीट समजतं.

हे जमलं की ‘कोसला’ घ्या, भालचंद्र नेमाडे, 1963. ही वेगळ्या पद्धतीनं वाचावी लागते. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर सतत बोलत असतो, हॉस्टेल, मेस, पैसे, परीक्षा, आणि वाटतं हा नुसता टाइमपास करतोय. कंटाळा आला तरी इथं पानं गाळू नका, त्या बोलण्याची सवय झाली पाहिजे, कारण धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते तेव्हा त्याचा आवाज बदलतो आणि तो बदल ऐकू आला तरच तो भाग आत घुसतो. तेवढी पानं एका बैठकीत वाचा, मधे फोन घेऊ नका.

मुंबईची झोपडपट्टी बघायची तर जयवंत दळवींची ‘चक्र’. यात हिंसा आणि उघडंवाघडं बरंच आहे, मन आधीच खचलेलं असेल तर आत्ता नको, नंतर वाचा, त्यात काही कमीपणा नाही.

वाचण्याआधी यूट्यूबवर सारांश बघू नका, सिनेमा पण नंतर. वाचून झाल्यावर लगेच दुसरी कादंबरी सुरू न करता आपल्या खुणांवरून एकदा पानं चाळा, एखादं बारकं पात्र, जे वाचताना लक्षातही राहिलं नव्हतं, त्याच्याच नावापुढं सगळ्यात जास्त खुणा सापडतात कधीकधी. मग त्या पात्राचे प्रसंग तेवढे परत वाचा, अर्धा तास पुरतो.