भिंतीतून स्पीकरची वायर: आधी पाईप, मग वायर

हॉलमध्ये मी पहिल्यांदा होम थिएटरच्या मागच्या स्पीकरची वायर गिलाव्यात तशीच दाबून टाकली होती. पाईपचे चार पैसे वाचले. दोन वर्षांनी दिनदर्शिका लावायला खिळा ठोकला, तो नेमका वायरीतून गेला. ॲम्प्लिफायर चालू केला की टक् आवाज होऊन बंद. दोष शोधण्यात एक रविवार गेला, भिंत फोडण्यात दुसरा.

म्हणून झिरी (भिंतीत कापलेली खाच) मारायची ती पाईपसाठी. पुढे वायर बदलता येते.

आधी जागा ठरवा. नेहमीच्या सोफ्यावर बसा. मागचे दोन्ही स्पीकर कानाच्या रेषेत किंवा थोडे वर आणि तुमच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे हवेत. तिथून ॲम्प्लिफायरपर्यंत भिंतीवर खडूने रेघ मारा. रेघ सरळ उभी-आडवी ठेवा, तिरकी नको. पुढे खिळा ठोकताना अंदाज राहतो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली बहुधा लाईटचा पाईप असतो, तो पट्टा सोडा. कॉलम-बीमला कटर लावू नका. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारू नका, भिंत कमजोर होते. आडवं अंतर छताच्या पीओपीमागून किंवा खालच्या स्कर्टिंगच्या कडेने काढा. पेठेतल्या जुन्या दगड-मातीच्या वाड्यात तर फोडाफोडीचा विचारच नको, तिथे भिंतीवरून वायर नेणारी प्लास्टिकची केसिंग पट्टी बरी.

वायर तांब्याचीच घ्या. 8 ओहमच्या स्पीकरला 15 मीटरपर्यंत 1.5 चौ.मिमी पुरते, त्यापुढे 25 मीटरपर्यंत 2.5. स्पीकर 4 ओहमचा असेल तर ही अंतरं निम्मी धरा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा: आत पांढरी निघाली तर परत द्या. स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरला (जड बासच्या स्पीकरला) ही स्पीकरची वायर चालत नाही, त्याला आरसीए पिनची, जाळीच्या आवरणाची (शिल्डेड) केबल लागते आणि शेजारी प्लग पॉइंटही.

कटर चालवण्याआधी मेन स्विच बंद करून त्या भिंतीत करंट नसल्याची टेस्टरने खात्री करा. मेन बंद असल्याने कटरला लाईट शेजारच्या घरातून घ्या. तोंडाला मास्क लावा. सामानावर घरातल्या जुन्या चादरी टाका, सोलापुरात त्यांची कमी नाही. पाईप 25 मिमीचा घ्या. कोपऱ्यात काटकोनी एल्बो नको, लांब बेंड वापरा. दोन बॉक्सच्या दरम्यान दोनच बेंड ठेवा, नाहीतर वायर अडकते. लाईटच्या वायरीला समांतर जायचं तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं तर काटकोनात. दोन्ही एकाच पाईपात कधीच नकोत, त्यात जिवाला धोका आहे. पाईपात जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) घालून ठेवा आणि मोजायची टेप शेजारी धरून मोबाईलवर फोटो काढा.

मग झिरी ओली करून सिमेंट-वाळूने भरा, वर कोंबडी जाळी मारून गिलावा. इथेच बहुतेकांचं चुकतं. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत मसाला तासाभरात पांढरा पडतो, आणि पाणी नाही मारलं की पाईपच्या रेषेत केसासारखी भेग येते. निदान तीन दिवस, दिवसातून तीनदा पाणी मारा. गवंड्याला बोलवायचं ते नळाला पाणी यायचा दिवस बघूनच.

गिलावा वाळला की जीआय तारेला वायर बांधून ओढा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने पलीकडून सारायचं. दोन्ही टोकांना दीड फूट जास्त वायर सोडा आणि चिकटपट्टीवर ‘मागचा डावा’, ‘मागचा उजवा’ लिहा.

शेवटी स्पीकर जोडा, ॲम्प्लिफायरकडची टोकं मोकळी ठेवा आणि तिथे 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. खर्र आवाज आला म्हणजे वायर अखंड आहे. सेलचं अधिक टोक लाल वायरीला लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर कुठेतरी उलटं जोडलंय आणि बास पातळ ऐकू येईल. त्यासाठी भिंतीला हात लावायची गरज नाही; स्पीकरच्या मागची दोन टोकं अदलाबदल करा.