नागपूरच्या पाण्यावर पोअर-ओव्हर कॉफी: घरी कशी करावी

पोअर-ओव्हर म्हणजे ड्रिपरमध्ये (खाली भोक असलेल्या गाळणीत) कागद बसवून, त्यातल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून केलेली कॉफी. तिच्या कपात विरघळलेली कॉफी जेमतेम सव्वा ते दीड टक्का असते. बाकी सगळे पाणी. तरी कॉफी मनासारखी झाली नाही की आपण आधी बियांना दोष देतो, मग ड्रिपर बदलतो, मग लांब नळीची महागडी केटल मागवतो. पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी, तोही सुचला तर. नागपुरात हा क्रम उलटा हवा, असे माझे ठाम मत आहे. इथे कित्येक घरांत नळाचे, बोअरचे आणि आरओचे अशी तीन पाणी एकाच वेळी नांदतात. बिया त्याच, दळण तेच, ओतणारा हातही तोच ठेवा. तिन्ही पाण्यांची कॉफी वेगवेगळी लागेल. खात्री करायची असेल तर एका सकाळी तीन छोटे कप करून शेजारी शेजारी ठेवून चाखा.

आधी पाणी

कॉफीतली चव खेचून घ्यायला पाण्यात थोडे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागते. ते जवळपास नसलेच तर कॉफी पोकळ लागते, आंबटपणा टोचतो. उलट पाण्यात बायकार्बोनेट फार असेल तर ते कॉफीतली आम्ले मारून टाकते आणि कप सपाट, जड होतो. आरओमुळे पहिली अडचण येते, बोअरमुळे दुसरी.

नळाला येणारे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयाचे आणि कन्हान नदीचे, शुद्ध केलेले. कॉफीसाठी ते वाईट नाही. कधी कधी क्लोरीनचा वास येतो, तेवढे बघावे लागते. असे पाणी रात्रभर माठात किंवा उघड्या भांड्यात झाकण तिरपे ठेवून राहू दिले की सकाळपर्यंत वास बराच उतरतो. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. गिझरमध्ये आणि बाथरूमच्या टाइल्सवर जो पांढरा थर धरतो, तोच केटलच्या तळाशीही बसतो. असे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळा, निवू द्या आणि तळाचा गाळ न हलवता वरचे पाणी काढून घ्या. उकळल्याने थोडा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो, पाण्याचा जडपणा कमी होतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. एकूण साधनांत मी त्याला वजनकाट्याच्या खालोखाल मान देईन. कॉफीसाठी आकडा ८० ते १५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान आणायचा. समजा तुमच्या आरओचा आकडा ३० आहे आणि नळाचा २५०. दोन भाग आरओ आणि एक भाग नळाचे उकळून घेतलेले पाणी मिसळले की आकडा १०० च्या जवळ येतो. एकदा प्रमाण ठरले की दोन लिटरची बाटली भरून ठेवा, आठवड्याचा प्रश्न मिटतो. मीटर फक्त क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. म्हणून जे पाणी तुम्ही एरवी पिण्यासाठी वापरत नाही, ते निव्वळ आकडा बरा दिसला म्हणून कॉफीत घालू नका.

तापमानाची फार धास्ती घ्यायचे कारण नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणजे पाणी इथे साधारण ९९ अंशांना उकळते. ओतताना ९२ ते ९६ अंश असावे. गॅसवरून उतरवून केटलमध्ये घेईपर्यंत ते आपोआप तिथे येऊन बसते. हलका रोस्ट, म्हणजे बिया कमी भाजलेल्या असतील, तर उकळी आल्या आल्या ओता. गडद रोस्ट असेल तर मिनिटभर थांबा.

बिया आणि दळण

पाकिटावर रोस्ट केल्याची तारीख नसेल तर ते पाकीट घेऊ नका. ‘बेस्ट बिफोर’ वाचून काहीच कळत नाही. भाजल्यापासून साधारण एक ते पाच आठवड्यांतल्या बिया उत्तम. अगदी कालच भाजलेल्या असतील तर त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड फार असतो आणि पाणी आत नीट शिरत नाही. पोअर-ओव्हरसाठी अरेबिका जातीच्या बिया घ्या, रोस्ट हलका किंवा मध्यम. चिकमगळूर, कोडगू आणि आंध्रातले अराकू इथल्या बिया आता घरबसल्या मिळतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्याच विदर्भात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर. तिकडे गेलात तर पुडीऐवजी बिया मिळतात का विचारा, आणि कधी भाजल्या तेही.

चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली फिल्टर कॉफीची पूड यात चालत नाही. ती दुधाच्या कॉफीसाठी, धातूच्या दक्षिणी फिल्टरसाठी केलेली असते आणि तिथे ती फार छान लागते. कागदाच्या फिल्टरमध्ये ती पाणी तुंबवते आणि चिकोरीचा कडवटपणा सगळ्यावर चढतो.

आता दळण. पाण्यानंतर सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. जाड दाणे आणि भुकटी एकत्र असली की भुकटी कडू होते, जाड दाणे कच्चे राहतात, आणि कपात एकाच घोटात दोन्ही लागते. हाताने फिरवायचा, स्टीलच्या पात्यांचा बर ग्राइंडर (दोन दातेरी पात्यांच्या फटीत बिया एकसारख्या दळणारा) घेता आला तर पैसे तिथेच घाला. दळण बारीक रव्यापेक्षा थोडे जाड असावे, चिमटीत धरल्यावर कण वेगवेगळे जाणवावेत.

ग्राइंडर नसेल तर मिक्सरवरही भागते, पण तो सलग चालवायचा नाही. चटणीच्या छोट्या भांड्यात २० ग्रॅम बिया घ्या. दोन सेकंद फिरवा, थांबा, भांडे हलवून वरचे दाणे खाली येऊ द्या, पुन्हा दोन सेकंद. असे सहा-सात वेळा. सलग फिरवले की पाते तापते आणि वास उडतो. मग मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. खाली पडलेली भुकटी डबीत ठेवा, संध्याकाळच्या दुधाच्या कॉफीला कामी येते. चाळणीत उरलेले दाणे ड्रिपरमध्ये. चाळलेल्या आणि न चाळलेल्या पुडीच्या कपात इतका फरक पडतो की एकदा केल्यावर तुम्ही ही पायरी गाळणार नाही.

साधने

ड्रिपर प्लास्टिकचा घ्या. स्वस्त असतो, पडला तर फुटत नाही आणि पाण्याची ऊष्णता कमी खातो. सिरॅमिकचा देखणा असतो, पण डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी तो आधी उकळत्या पाण्याने नीट तापवला नाही तर पहिलेच ओतलेले पाणी थंड करून टाकतो. शंकूच्या आकाराचा व्ही ६० सगळीकडे मिळतो. सपाट तळाचा ड्रिपर नवशिक्याला जास्त सांभाळून घेतो. दोन्ही चालतात.

फिल्टर पेपर ड्रिपरच्या मापाचा, पांढरा. कागदातून कॉफी गाळायची ही युक्ती जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची, १९०८ सालची. तिने मुलाच्या वहीतला टिपकागद भोके पाडलेल्या पितळी भांड्यात घालून पहिला फिल्टर केला होता. आजही कागदाचे काम तेच आहे: गाळ आणि तेल अडवून स्वच्छ कॉफी खाली सोडणे.

वजनकाटा मात्र हवाच, शक्यतो ०.१ ग्रॅम दाखवणारा. चमच्याचे माप इथे उपयोगाचे नाही, कारण हलक्या रोस्टच्या बिया जड असतात आणि गडद रोस्टच्या फुगून हलक्या झालेल्या असतात. तोच चमचा, पण वजन वेगळे. लांब नळीची केटल असेल तर सोपे जाते. नसेल तर गंजातून थेट ओतू नका, धार आवरत नाही. अरुंद तोटीच्या चहाच्या किटलीत पाणी काढून घ्या. किटली आधी गरम पाण्याने विसळा, नाहीतर तिथेच पाच-सहा अंश जातात.

ओतणे

एका कपाला १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. म्हणजे एकास सोळा. दोन कप हवे असतील तर ३० आणि ४८० घ्या आणि दळण किंचित जाड करा, कारण पुडीचा थर जाड झाला की पाणी उशिरा उतरते.

कागदाची शिवण दुमडून तो ड्रिपरमध्ये बसवा आणि गरम पाणी ओतून पूर्ण भिजवा. कागदाचा वास जातो, ड्रिपर आणि खालचा कप तापतो. ते पाणी फेकून द्या. पूड घाला, ड्रिपरला हलका धक्का देऊन थर सपाट करा आणि काटा शून्यावर आणा.

घड्याळ सुरू करा आणि ४५ ग्रॅम पाणी ओता. सगळी पूड भिजली पाहिजे, एकही कोपरा कोरडा राहता कामा नये. ड्रिपर उचलून अलगद गोल फिरवला की कोरड्या जागा भिजतात. आता चाळीस सेकंद थांबा आणि नीट बघा, कारण बियांची सगळी हकीकत इथे समजते. ताज्या कॉफीचा थर हळूहळू वर फुगतो, मधोमध घुमट धरतो, बारीक बुडबुडे येतात आणि फुटतात, वरचा रंग पिंगट होतो आणि वासाने स्वयंपाकघर भरते. हा आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो पडू दिला नाही तर पुढचे पाणी कणांत शिरण्याऐवजी वायूला ढकलत बसते. थर जागचा हललाच नाही, चिखलासारखा पडून राहिला, तर बिया जुन्या आहेत हे समजा. कॅफेवाले या टप्प्याला ब्लूम म्हणतात.

चाळीसाव्या सेकंदाला दुसरे पाणी. मधून सुरुवात करा, रुपयाच्या नाण्याएवढी वर्तुळे काढत बाहेर या, पुन्हा मध्ये जा. काठाला, कागदावर थेट ओतू नका. ते पाणी कॉफीला न भेटताच खाली जाते. धार पेन्सिलइतकी जाड, आणि तोटी थराच्या जवळ. काट्यावर १२० आले की थांबा. पाणी निम्मे उतरू द्या, मग १८० पर्यंत. परत थोडे थांबून २४० पर्यंत. शेवटचे पाणी पावणेदोन ते दोन मिनिटांच्या आसपास संपलेले असावे. मग ड्रिपर एकदा अलगद फिरवा, म्हणजे कागदाला चिकटलेले कण खाली येतात आणि थर सपाट बसतो.

तीन मिनिटांच्या आसपास थेंब थांबतात. कपात साधारण २१० ग्रॅम कॉफी येईल, उरलेले पाणी पूड धरून ठेवते. लगेच पिऊ नका. चार-पाच मिनिटे निवली की चव उलगडते. कढत कॉफीत जिभेला नुसती आच कळते.

जपानच्या तेत्सु कासुया यांनी २०१६ ची वर्ल्ड ब्रूअर्स कप स्पर्धा जिंकली ती वेगळ्या पद्धतीने: २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, ६० ग्रॅमचे पाच सारखे भाग. लक्षात ठेवायला सोपी आहे, वरची पद्धत हातात बसली की तीही करून बघा. तिला दळण बरेच जाड लागते.

चव बघून दुरुस्ती

कपात आंबटपणा असणे हा दोष नाही. पण आंबटपणा दोन प्रकारचा असतो. कच्चे संत्रे खाल्ल्यावर दात आंबतात आणि तोंड वाकडे होते, तर मृग बहरातले पिकलेले संत्रे आंबट असूनही पुढची फोड खावीशी वाटते. दुसऱ्या प्रकारचा आंबटपणा कॉफीत हवाच. पहिल्या प्रकारचा लागला तर कॉफी पुरती उतरलेली नाही: दळण थोडे बारीक करा, किंवा पाणी जास्त गरम घ्या. कडू लागली, जीभ कोरडी पडली, घोट गिळल्यावरही कडवटपणा घशात राहिला, तर दळण जाड करा. चव बरोबर आहे पण पातळ वाटते, तर कॉफी एक ग्रॅम वाढवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दळणही बदलले, पाणीही बदलले, प्रमाणही बदलले, तर चव कशाने सुधारली हे कधीच समजणार नाही. फ्रीजवर एक कागद लावून तारीख, वजन, एकूण वेळ आणि एका शब्दात चव एवढे लिहीत गेलात की महिनाभरात तुमच्या घरचे माप तुम्हाला सापडते.

घड्याळही खूण देते. दोन मिनिटांतच सगळे खाली गेले तर दळण जाड आहे. चार मिनिटे झाली तरी पाणी वर डबक्यासारखे उभे असेल तर भुकटी जास्त आहे, चाळणी वापरा.

उन्हाळ्यासाठी

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या बिया दहा दिवसांत निस्तेज होतात. हवाबंद डबा घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. जास्त बिया आल्या असतील तर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या करून घट्ट बांधा आणि फ्रीझरमध्ये टाका. बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार बियांवर दव धरते.

कूलरचा झोत ड्रिपरवर येऊ देऊ नका. पाणी गार होते ते वेगळेच, पण हलका काटा वाऱ्याने सतत नाचतो आणि आकडा स्थिर होत नाही. तेवढी तीन मिनिटे कूलर बंद ठेवा किंवा आडोसा करा.

दुपारी गरम कॉफी नको वाटते तेव्हा बर्फावर करा. २० ग्रॅम कॉफी, दळण नेहमीपेक्षा थोडे बारीक. खालच्या भांड्यात १२० ग्रॅम बर्फ मोजून घाला, त्यावर ड्रिपर ठेवा. वरून पाणी फक्त १८० ग्रॅम: आधी ५०, चाळीस सेकंद थांबून उरलेले दोन भागांत. गरम कॉफी थेंबाथेंबाने बर्फावर पडून जागीच गार होते, म्हणून वास उडून जात नाही. फ्रीजमध्ये ठेवून गार केलेल्या कॉफीत हा ताजेपणा नसतो. बर्फ त्याच मिसळलेल्या पाण्याचा लावा, शेवटी तोही कपातच येणार आहे. थेंब थांबले की भांडे चांगले ढवळा. बर्फ जवळजवळ सगळा विरघळला पाहिजे. बराच उरला तर पुढच्या वेळी २० ग्रॅम बर्फ कमी करून तेवढेच गरम पाणी वाढवा. मग उंच ग्लासात दोन ताजे खडे टाकून त्यावर ओता. साखर, दूध काही लागत नाही.