घाटात ट्रेलर ओढताना इंजिनची लाईट लागली? या चुका टाळा

गोव्यातलं केरी सोडलं, अंजुणे धरण मागे पडलं की चोर्ला घाटाची खरी चढण सुरू होते. जवळजवळ समुद्रसपाटीपासून थेट ८०० मीटरच्या आसपास, तेही वळणावळणांनी. मागे होडीचा ट्रेलर, जनरेटर किंवा लग्नाचा साउंड असेल तर डॅशबोर्डवरची लाईट हटकून इथेच लागते. मोले-अनमोड मार्गावरही तीच कथा. पुढे जांबोटीकडच्या सपाटीला लागलं की तापमानाची लाल लाईट आपोआप जाते, इंजिनची पिवळी लाईटही दोन-तीन दिवसांत कधीतरी विझते, आणि आपण विषय सोडून देतो.

विझलेली पिवळी लाईट म्हणजे बिघाड गेला असं नसतं. गाडी सलग तीन फेऱ्यांत तोच दोष पुन्हा पाहत नाही, तेव्हा लाईट बंद करते. त्या दोषाचा कोड मात्र गाडीच्या मेमरीत बरेच दिवस राहतो. त्यामुळे बॅटरीची वायर काढून लाईट ‘घालवणारा’ माणूस तुमचा मित्र नव्हे. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते: आरपीएम किती, लोड किती, पाणी किती तापलं होतं. वायर काढली की बहुतेक वेळा तो पुरावाच पुसला जातो. आधी कोड वाचणारा स्कॅनर लावा, स्क्रीनचा फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा.

रिकाम्या गाडीवर निदान करू नका

गॅरेजवाला ट्रेलर सोडून गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणतो आणि म्हणतो, “कांयच ना पात्रांव, सेन्सर आसतलो.” सेन्सर बदलला जातो, पुढच्या चढणीला लाईट परत हजर. त्याचं कारण साधं आहे. अर्धवट चोंदलेला डिझेल फिल्टर सपाटीवर पुरेसं डिझेल सोडतो, चढणीला इंजिनची मागणी वाढली की कमी पडतो. तेव्हा पी००८७, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब कमी, असा कोड येतो. टर्बोच्या पाईपला बारीक चीर असेल तर ती जास्त दाबाखालीच उघडते आणि पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी, हा कोड येतो. हे दोन्ही दोष रिकाम्या गाडीत दिसणारच नाहीत. मेकॅनिकला शेजारी बसवा, ट्रेलर लावा आणि स्कॅनर चालू ठेवून गाडी चढणीला घाला. त्याला कंटाळा येईल, पण येऊ द्या.

तापमानाची लाल लाईट: घाईने किल्ली फिरवू नका

इथे दोन उलट चुका होतात. काहीजण ‘वरपर्यंत पोचू’ म्हणत दामटतात आणि हेडचं गॅस्केट घालवतात. काहीजण घाबरून तिथल्या तिथे इंजिन बंद करतात. वाफ येत नसेल, कूलंट गळत नसेल, तर गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, हिटर फुल्ल करा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. पंप आणि पंखा फिरत राहिले तर अडकलेली उष्णता बाहेर पडते. काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली तर लगेच बंद. आणि तापमानासोबत बॅटरीचीही लाईट लागली असेल तर क्षणभरही वाट न बघता इंजिन बंद करा: बहुधा पट्टा तुटलाय, आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालतो.

चाकाखाली दगड लावालच. निघताना तो रस्त्यातून उचलायचा असतो, हे घाटात कितीजणांना आठवतं कोण जाणे. धुक्यात त्यावर दुचाकी चढते.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी उघडलं जातं. आत दाब असतो म्हणून ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम तोंडावर येतं. वरचा पाईप हाताने सहज धरता येईपर्यंत थांबा. पावसाळ्यात शेजारीच धबधबा असतो, पण ते गार पाणी तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात ओतलंत तर हेडला तडा जाऊ शकतो.

कारणांकडे आलं, तर साखळी-डिचोली पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर लाल धुळीचा थर असतो. तो समोरून दिसत नाही, कारण पुढे एसीचा कंडेन्सर असतो. दुसरं कारण ड्रायव्हर स्वतः: वरचा गिअर धरून १२०० आरपीएमवर इंजिन घुसमटवणं. त्या वेगात पंप मंद फिरतो, काही गाड्यांत पंखाही. खालचा गिअर टाका, २००० च्या वर ठेवा. आवाज वाढेल, पण काटा जागेवर राहील. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हाताने खाली आणा.

वळणावर लुकलुकलेली लाईट

तेलाच्या डब्याचं लाल चिन्ह एखाद्या तीव्र वळणावर क्षणभर लुकलुकलं आणि गेलं, तर लोक खड्डा समजून सोडून देतात. ऑइल कमी असेल तर चढणीवर आणि वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. इथे मात्र इंजिन तत्काळ बंद. सपाट जागी काही मिनिटांनी डिपस्टिक बघा, ऑइल भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. पातळी बरोबर असूनही लाईट येत असेल तर टो करूनच न्या.

पेट्रोल गाडीत इंजिनची पिवळी लाईट स्थिर न राहता मिचमिचत असेल तर मिसफायर चाललाय. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो भाजतो. अॅक्सिलरेटर लगेच सोडा.

बीएस-६ डिझेल गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, लाईट वेगळं सांगते. पणजी-म्हापसा अशा छोट्या फेऱ्यांनी काजळी साठलेली असते. घाटात फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असताना गाडी बंद केली तर काम अर्धवट राहतं. मार्च-एप्रिलमध्ये तशी गरम गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका. म्हादईचं अभयारण्य रस्त्याला लागूनच आहे.

होडीवाल्यांसाठी

ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी लाईटचा प्लग काढा. खाऱ्या पाण्याने पिना गंजतात, अर्थिंग जातं, आणि मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर नको नको त्या लाईटी लागतात. शंका आली की प्लग काढून बघा; लाईट गेली तर दोष इंजिनात नाही. नव्या गाड्यांत टेललाईटच्या वायरी सोलून जोड मारू नका, ट्रेलरसाठीचं वेगळं मॉड्यूल बसवा.

उतरताना ब्रेकची लाल लाईट उतारावर चमकून सपाटीवर गेली तर पॅड झिजून ब्रेक ऑइल खाली गेलं असण्याची शक्यता मोठी. आपल्या दमट हवेत हे ऑइल पाणी शोषतं. डॉट-४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत न उकळता टिकतं, ओलावा धरला की १५५ पर्यंत घसरतं. दोन वर्षांनी बदला, आणि चोर्ला उतरताना ट्रेलरचं वजन ब्रेकवर नव्हे, दुसऱ्या गिअरवर सोडा.