डब्यातला टुना भुसा का होतो? या चुका टाळा

सोलापुरात मासा म्हणजे उजनीचा. चिलापी, कटला, रोहू, नशीब असेल त्या दिवशी मरळ किंवा वाम. त्यामुळे मासा म्हटला की आपला हात ठरल्या वाटेनेच जातो. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतायचं, काळा मसाला घालायचा, चिंचेचा कोळ ओतायचा आणि रस्सा रटरटला की तुकडे सोडायचे. डब्यातला टुना घरी आला की त्यालाही आपण याच वाटेने नेतो आणि तिथेच तो बिघडतो.

माझा भाऊ मस्कतला असतो. पहिल्यांदा त्याने टुनाचे सहा डबे आणले, तेव्हा मी झणझणीत रस्सा केला, त्यात दोन डबे रिकामे केले आणि चांगली पंधरा मिनिटं उकळी दिली. ताटात वाढल्यावर मासा कुठे दिसेना. नुसते धागे तरंगत होते आणि दाताखाली आले की भुसा चावल्यासारखं वाटत होतं. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "अगं, शिजलेलंच परत शिजवलंस की." मी काय केलं ते तिने पाहिलं नव्हतं, नुसत्या चवीवरून ओळखलं.

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बहुतेक कारखान्यांत टुना आधी वाफवतात, मग त्याची कातडी आणि काटे काढून तो डब्यात भरतात. डबा सीलबंद झाल्यावर तो उकळत्या पाण्याहूनही जास्त तापमानाला पुन्हा तापवतात. म्हणजे झाकण उघडण्याआधीच मासा दोनदा शिजलेला असतो. आपण आणखी उकळला की त्यातला उरलासुरला ओलावाही पिळून निघतो. म्हणून डब्यातला टुना शेवटी घालायचा, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. त्याला फक्त गरम करायचं असतं. हे एक पाळलं तरी निम्म्या तक्रारी संपतात.

आमच्या घरी चालतो तो सुका टुना

एक मोठा डबा घ्या. वर 185 ग्रॅम लिहिलं असलं तरी पाणी काढल्यावर हातात साधारण 130 ग्रॅमच मासा येतो. चौघांचा बेत एका डब्यावर ठरवला की फजिती होते, म्हणून निथळलेलं वजन लेबलवर वाचूनच घ्या. एक डबा दोघांना पुरतो.

दोन कांदे बारीक चिरा. दोन चमचे तेलात आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण लाल होऊ द्या, मग कांदा घाला. कांदा घाईने उतरवू नका, कडा तांबूस व्हायला हव्यात. एक टोमॅटो घालून तो तेल सुटेपर्यंत परता. हळद, एक छोटा चमचा काळा मसाला आणि दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घाला. कूट आधी परतला म्हणजे मसाला घट्ट होतो आणि टुनातून सुटणारं पाणी धरून ठेवतो. आता गॅस बारीक करा, टुना हाताने मोकळा करून घाला, दोनदा वर-खाली करा आणि झाकण ठेवा. दोन मिनिटांनी गॅस बंद करा. लिंबू आणि कोथिंबीर त्यानंतर. उलथन्याने सारखं ढवळत राहिलात तर मासा पिठासारखा होतो.

ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर हा सुका टुना जितका लागतो तितका पोळीबरोबर लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. भाकरीचा कुरकुरीत तुकडा आणि मऊ मासा, दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात.

आणि चुकून जास्त शिजलाच तर टाकू नका. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात मिसळा, चमचाभर तेल आणि लिंबू घाला, कटलेट करा. कोरडेपणा बटाटा झाकतो.

मीठ आणि वास

डब्यावर 'पाण्यातला' लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा ते मिठाचं पाणी असतं. त्यात घरच्या काळ्या मसाल्यात मीठ, शेंगाचटणीत मीठ. आपण सवयीने वरून आणखी एक चिमूट टाकतो आणि भाजी खारट होते. टुना चाळणीत निथळा, एकदा साध्या पाण्याखाली धरा, हलकेच दाबा. मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊन. खारट झालंच तर अळणी भात किंवा बिनमिठाचा बटाटा मिसळा. साखर घालून काही उपयोग नाही. तेलातला डबा असेल तर ते तेल ओतून देऊ नका, फोडणीला त्यातलंच चमचाभर घ्या.

वास आला की मसाला वाढवायचा, ही आपली जुनी खोड. मसाल्याने वास जात नाही, दोन्ही वास एकत्र येतात. माशाच्या वासावर आंबटच लागू पडतं. निथळलेल्या टुनाला अर्धं लिंबू आणि किसलेलं आलं चोळून दहा मिनिटं ठेवा, फरक लगेच कळतो.

पण वासा-वासात फरक असतो. फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला किंवा खोलवर गंजलेला डबा चाखून बघायलाही उघडू नका, सरळ टाका. डबा ठीक दिसला, पण घास घेतल्यावर जिभेला मिरीसारखं चुणचुणलं, तर तिथेच थांबा. नीट थंड न ठेवलेल्या टुनात हिस्टामाइन तयार होतं. त्याने अंगावर लाली येते, डोकं दुखतं, मळमळतं आणि कितीही उकळलं तरी ते नष्ट होत नाही. पैसे वाया गेले तरी चालतील.

कटलेट तेलात फुटतात तेव्हा

याचं कारण जवळजवळ नेहमी पाणीच असतं. टुना निथळून भागत नाही, मुठीत घट्ट पिळावा लागतो. बटाटा उकडल्यावर पूर्ण गार होऊ द्या, गरम बटाट्याची वाफ मिश्रण सैल करते. बांधायला ज्वारीचं पीठ घेऊ नका, ते कोरडं धरत नाही. भाजलेलं बेसन किंवा मिक्सरमध्ये फिरवलेले पोहे चालतात. वळलेले कटलेट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तेल नीट तापलेलं हवं. पहिलाच फुटला तर बाकीचे कढईत सोडू नका, तव्यावर थोड्या तेलात भाजा.

पुलावाची चूक एका वाक्यात सांगते: टुना कुकरमध्ये घालून शिट्ट्या करू नका, भात मोकळा शिजवून मग मिसळा. सँडविचमध्ये मेयोनीजऐवजी घट्ट दही घालता येतं. मासा आणि दही एकत्र न खाणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनी उकडलेल्या अंड्याचा बलक तेल-लिंबात घोटून घ्यावा.

गरोदर बाईसाठी आणि लहान मुलांसाठी मात्र डबा निवडूनच घ्या. मोठ्या माशात पारा जास्त साठतो. स्किपजॅक जातीचा टुना लहान, त्यात पारा कमी. अल्बाकोर म्हणजे पांढऱ्या टुनात तो त्याच्या जवळपास तिप्पट असतो. गरोदरपणात अल्बाकोर आठवड्यातून एकदाच, तोही शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आत.

आपलं ऊन

सोलापुरात मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. उघडलेला टुना बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या पुढे असतो, आणि वर लाइट जाते ते वेगळंच. उरलेला मासा डब्यातून काढून काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. न उघडलेले डबेही पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गॅसच्या वरच्या फळीवर नकोत.

माझे यजमान चिंचोळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातात. सकाळी सहाला भरलेली पिशवी बाराला उघडते. पूर्वी मी त्यांना टुनाची भाजी करून द्यायचे. एका मे महिन्यात ती आंबूस होऊन परत आली, तेव्हापासून भाजी बंद केली. आता कडक भाकरी, पुडीत शेंगाचटणी, एक कांदा, अर्धं लिंबू आणि ओढून उघडायच्या झाकणाचा छोटा बंद डबा देते. जेवायला बसले की ते तिथेच डबा उघडतात, पाणी काढतात, कांदा फोडतात आणि चटणी-लिंबू त्यातच कालवतात. झाकणाची कड ब्लेडसारखी असते, म्हणून एक जाड फडकंही पिशवीत ठेवते.