खाण ‘बंद पडणे’ आणि खाण ‘बंद करणे’: कोळसा खाणीच्या सुरक्षित समाप्तीचे नियोजन

गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माझे वडील ज्या कापड गिरणीत होते, तिच्या फाटकाला एका सकाळी कुलूप दिसले. त्या दिवशी भोंगा वाजला नाही, एवढीच काय ती कामगारांना मिळालेली सूचना. देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली आणि आवारात बाभळी माजल्या. पुढे मी विदर्भातील कोळसा खाणींत सर्व्हेअर म्हणून नोकरी केली, तेव्हा या दोन उद्योगांतला एक मोठा फरक ध्यानात आला. गिरणी बंद पडली की यंत्रे थांबतात. खाण बंद पडली तरी जमिनीखाली पाणी, वायू आणि आग यांचे काम चालूच राहते, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे कोणी उरलेले नसते. म्हणून खाण बंद पडू देऊ नये, ती बंद करावी लागते. आणि ते काम खाण उघडण्याइतकेच शिस्तीचे आहे.

सोलापूर जिल्ह्यात कोळसा नाही, आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पण दक्षिण सोलापुरातील फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या वीज प्रकल्पामुळे कोळशाच्या मालगाड्या आता आपल्या रोजच्या पाहण्यातल्या झाल्या आहेत, आणि इथली मुलेही खाणकामाची पदविका घेऊन वणी, बल्लारपूर, उमरेडकडे नोकरीला जातात. त्यांच्यापैकी कोणाच्या वाट्याला खाण मिटवण्याचे काम आले, तर त्यांच्या हाताशी असावे म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात पहिल्या दिवसापासून

समाप्तीचे नियोजन कोळसा संपत आल्यावर नव्हे, तर खाण उघडतानाच करावयाचे असते. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१३ मध्ये ती सुधारली; नंतरही त्यांत बदल होत आले आहेत, म्हणून काम हाती घेताना चालू मजकूरच समोर ठेवावा. त्यांच्या मांडणीनुसार योजनेचे दोन भाग असतात. खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने उरकत जावयाची कामे पहिल्या भागात येतात आणि अखेरच्या समाप्तीची कामे दुसऱ्या भागात. अखेरच्या समाप्तीचा सविस्तर आराखडा नियोजित तारखेच्या किमान पाच वर्षे आधी मंजुरीसाठी द्यावा, असे त्यांत सांगितले होते. खर्चासाठी कोळसा नियंत्रकांच्या देखरेखीखाली एस्क्रो खाते, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येणारे राखीव खाते, उघडून त्यात दरवर्षी रक्कम भरावी लागते. २००९ च्या किमतींनुसार समाप्तीच्या एकूण खर्चाचा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये धरला होता, आणि घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे तो वाढत जाईल अशी तरतूद होती.

तथापि, खात्यात पैसे भरले म्हणजे समाप्तीची तयारी झाली, असे मानण्याची चूक करू नये. साधे उदाहरण वरच्या मातीचे आहे. खुल्या खाणीत पहिल्याच वर्षी शेतीची काळी माती वेगळी काढून, उंच ढीग न करता, गवत पेरून राखून ठेवली नाही, तर वीस वर्षांनी खात्यात कितीही रक्कम असली तरी ती माती विकत मिळत नाही. मुरमाच्या उघड्या ढिगावर मग झाडे लावली जातात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात जळून जातात.

नकाशा: सर्वांत महत्त्वाचे काम

या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बंद झालेली खाण माणसे कशी मारते याची सर्वांत मोठी उदाहरणे इथेच आहेत. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामाचे पाणी फुटून आत शिरले आणि ३७५ माणसे गेली. २ फेब्रुवारी २००१ रोजी धनबादजवळच्याच बागडिगी खाणीतही लगतच्या सोडून दिलेल्या खाणीचे पाणी घुसले आणि २९ जण बुडाले. पाणी कोठे साठले आहे आणि आपल्या चालू कामापासून ते नेमके किती अंतरावर आहे, या एका प्रश्नाभोवती अशा साऱ्या दुर्घटना फिरतात. जुन्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करू नये, हा नियम आहेच. परंतु जुन्या खाणीचा नकाशाच चुकीचा असेल, तर हे ६० मीटर मोजायचे तरी कोठून?

म्हणून माणसे आणि पंप वर येण्यापूर्वी संपूर्ण खाणीची अखेरची मोजणी करावी, आणि ती चालू मोजणीत भर घालून न करता स्वतंत्र सर्व्हेअरकडून नव्याने करून घ्यावी. भूमिगत रेषा जमिनीवरच्या कायम खुणांना किमान दोन ठिकाणी जोडाव्यात. प्रत्येक गॅलरीचे (कोळशात खोदलेल्या बोगद्याचे) टोक, छत पेलण्यासाठी सोडलेले कोळशाचे पिलर, बोअरची छिद्रे, बांधलेले अडथळे, पाण्याची पातळी, शेजारच्या खाणीपर्यंत सोडलेली कोळशाची भिंत आणि तिची जाडी, हे सर्व त्यात यावे. जेथे पोहोचता आले नाही तेथे तुटक रेषा काढून ‘प्रत्यक्ष मोजलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. नकाशा सुबक दिसावा म्हणून अंदाजाने रेषा पुरी करणे हा सर्व्हेअरच्या हातून घडू शकणारा सर्वांत गंभीर गुन्हा आहे, असे मी मानतो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाजगी खाणींच्या कागदांवर तर पडताळणीशिवाय विसंबूच नये. त्या काळी काम केलेल्या वृद्ध कामगारांना घरी जाऊन भेटावे; कोणत्या डिपमध्ये (उताराकडे गेलेल्या गॅलरीत) शेवटचा पंप बसला होता, हे त्यांना अजून आठवत असते.

खाण सोडण्याची आगाऊ सूचना खाण सुरक्षा महासंचालनालयाला, म्हणजे धनबादस्थित डीजीएमएसला, नियमानुसार द्यावी लागते. समाप्तीनंतर हा अखेरचा नकाशाही तेथे जमा होतो.

आत आवरताना

माघार नेहमी सर्वांत दूरच्या टोकाकडून बाहेरच्या दिशेने घ्यावी आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मुख्य पंखा बंद करू नये. स्फोटकांचा साठा आधी मोजून परत करावा. ट्रान्सफॉर्मरमधील तेल, बॅटऱ्या, ग्रीस, हायड्रॉलिक तेल वर आणावे; उद्या पाणी चढल्यावर हेच तेल गावाच्या विहिरीकडे जाणार असते. भंगाराच्या किमतीसाठी लोखंडी आधार कापून घेण्याचा मोह या काळात फार होतो, कारण ठेकेदाराचे लक्ष लोखंडावर असते. तेथे ओव्हरमनला, म्हणजे पाळीच्या कामावर देखरेख करणाऱ्याला, नकार देण्याचा लेखी अधिकार असावा.

कोळसा काढून छत कोसळू दिलेल्या भागाला गोफ म्हणतात. त्यात उरलेला कोळसा हवेतील ऑक्सिजन घेत आपोआप तापतो आणि पेटतो. झरियाच्या पट्ट्यात १९१६ मध्ये पहिली आग आढळली. आज शंभर वर्षांनंतरही तिथली जमीन धुमसते आहे. हवेचा मार्ग पूर्ण तोडणे हाच उपाय असल्याने गोफच्या तोंडाशी छत, जमीन आणि दोन्ही बाजूंच्या कोळशात खाच घेऊन पक्क्या भिंती बांधाव्यात, त्यांत पाणी निघण्याची नळी आणि वायूचा नमुना घेण्याची नळी ठेवावी. नमुन्यात कार्बन मोनॉक्साइड दर आठवड्याला चढत असेल, तर आत काहीतरी तापते आहे असेच समजावे. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असताना स्फोटक असतो, त्यामुळे भिंत पुरी करण्याची वेळही आतील वायू पाहूनच ठरवावी लागते.

ही नळी पहिल्यांदा नीट समजली तो दिवस मला आठवतो. मृगाचे आभाळ भरून आले होते, हवेचा दाब उतरत होता आणि बंद भिंतीच्या नळीतून तळहाताला लागेल इतका कोमट, ओलसर श्वास बाहेर येत होता. सकाळी दाब चढता असताना त्याच नळीवर धरलेली चिंधी आत ओढली जात होती. बंद केलेली खाण अशी श्वास घेते. म्हणून वायूची तपासणी दाब उतरता असताना, विशेषतः वादळी पावसाच्या आधी, अवश्य करावी, आणि बंद तोंडाजवळच्या खोलगट जागेत कोणीही बसू नये.

तोंडे बुजवणे

उभ्या शाफ्टला खाणकामगार चानक म्हणतात. चानक आणि इन्क्लाईन, म्हणजे खाणीत उतरणारा तिरका बोगदा, यांची तोंडे लाकडी फळ्यांनी झाकून वर माती लोटणे ही जुनी आणि घातक पद्धत आहे. अशाच एका झाकलेल्या तोंडावर, खाण सोडून बारा वर्षे झाल्यावर, भर श्रावणात गाय चरत होती. फळ्या आतून कुजलेल्या होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा काठावर फक्त दोरीचा तुकडा आणि गायीच्या मागे राखणीला आलेली दहा वर्षांची मुलगी उभी होती. ती चार पावले मागे होती, एवढेच.

चानक भरताना तळाशी मोठा, स्वच्छ दगड घालावा, म्हणजे पाणी व वायू कोंडत नाहीत. वर न जळणारा भराव थराथराने टाकावा. कोळशाचा कचरा, लाकूड किंवा घरगुती कचरा आत जाऊ देऊ नये. भराव बसण्यास एक-दोन पावसाळे द्यावेत, खचलेली उंची पुन्हा भरावी आणि नंतर मऊ माती काढून घट्ट खडकावर, चानकाच्या व्यासाच्या साधारण दुप्पट रुंदीचे सळईयुक्त काँक्रीटचे झाकण ओतावे. झाकणातून वायूची नळी उंच काढून तिला ज्वालारोधक जाळी बसवावी. वर खाणीचे नाव, खोली आणि वर्ष कोरलेला दगड लावावा.

पाणी आणि ढिगारे

पंप थांबले की भूजल परत आपल्या जुन्या पातळीकडे चढू लागते. हे चढणे महिन्यांत होईल की वर्षांत, याचा अंदाज आधीच काढून भोवतालच्या विहिरींची पातळी व पाण्याची आम्लता पंप चालू असतानाच मोजून ठेवावी; नंतर तक्रार आली तर तुलनेला काहीतरी असले पाहिजे. उलट बाजूही विसरू नये. खाणीचे उपसलेले पाणी वर्षानुवर्षे शेतीला वापरणाऱ्या गावांचे ओढे पंप थांबताच आटतात. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको.

खुल्या खाणीत मातीदगडाचे ढिगारे आणि उरलेला खड्डा हे दोन प्रश्न असतात. वेल्समधील अ‍ॅबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी झऱ्यावर रचलेला खाणीचा ढिगारा घसरून शाळेवर आला; १४४ मृतांपैकी ११६ मुले होती. वर्धा खोऱ्यात ढिगाऱ्यांखाली बहुधा काळी चिकणमाती असते आणि पावसात तीच तेल लावल्यासारखी निसरडी होते. म्हणून ढिगाऱ्याचा एकूण उतार पर्यावरण परवानगीत सहसा सांगितलेल्या २८ अंशांपेक्षा जास्त ठेवू नये, पायथ्याशी दगडी भिंत व चर असावेत, आणि डोक्यावर पाणी साचू देऊ नये. खड्डा भरणे शक्य नसेल तर उंच कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरते करून, काठाशी उथळ पट्टा ठेवून आणि कुंपण घालून त्याचा तलाव करता येतो. छत्तीसगडमधील केनापारा येथे जुन्या खाणीच्या अशाच तलावात मत्स्यपालन आणि नौकाविहार चालतो. सोलापूरभोवतीच्या खडीच्या खाणी मिटवतानाही निदान हा उथळ काठ आणि कुंपण यांचा आग्रह ग्रामपंचायतींनी धरावा, कारण आपल्याकडची मुलेही अशा सरळसोट कड्यांच्या डोहांत पोहायला उतरतात.

माणसे

कायम कामगारांची बदली होते. ठेकेदारीवरचा ड्रायव्हर, चहाची टपरी, खाणीच्या दवाखान्यावर अवलंबून असलेली म्हातारी माणसे कोणत्याच यादीत नसतात. समाप्तीच्या आराखड्यात ही यादी नावानिशी करावी आणि अखेरची तारीख किमान दोन-तीन वर्षे आधी ग्रामसभेत जाहीर करावी. भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतनाचे कागद कार्यालय हलण्यापूर्वी पुरे करावेत. माझ्या वडिलांचे सेवापुस्तक गिरणीच्या कुलूपबंद खोलीत वाळवीने खाल्ले, म्हणून हे वाक्य मी प्रत्येक आराखड्यात आग्रहाने घालत आलो.

नंतरची देखरेख

निदान तीन पावसाळे जमीन खचते का, भिंतींमागील वायू, पाण्याची पातळी आणि ढिगाऱ्यांच्या भेगा ठरलेल्या तारखांना तपासाव्यात, आणि दर वेळी त्याच जागेवरून छायाचित्र काढावे. कुंपणाच्या तारा चोरीला जातात हे गृहीत धरून त्यांची दुरुस्ती खर्चात धरावी. जमीन परत करताना चानक, इन्क्लाईन आणि उथळ पिलरवरील क्षेत्र गट क्रमांकानिशी दाखवणारा नकाशा ग्रामपंचायत, तलाठी आणि तहसील कार्यालयात द्यावा, आणि त्या गटांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात ‘येथे भूमिगत खोदकाम आहे, बांधकाम किंवा विंधन विहीर करण्यापूर्वी परवानगी घ्यावी’ अशी नोंद व्हावी यासाठी लेखी अर्ज करून त्याची पोच जपून ठेवावी.