हार्नेसची बीओएम एक्सेलमध्ये हाताने भरू नका

वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे कनेक्टर लावलेल्या वायरींच्या जुडग्याच्या, कामात नव्याने आलेल्याला ड्रॉइंग लवकर जमतं, गाडी अडते ती बीओएमपाशी, म्हणजे लागणाऱ्या पार्ट्सच्या यादीपाशी. कनेक्टर सगळ्यांच्या लक्षात असतो. त्यात बसणारी क्रिंप टर्मिनल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे), सील, स्लीव्ह मात्र एक्सेलमध्ये मागाहून भरली जातात, आणि ड्रॉइंग बदललं की यादी जुनीच राहते.

म्हणून मी नव्या मुलांना सुरुवातीलाच वायरव्हिझ शिकायला सांगतो. पायथनवर चालणारं हे ओपन सोर्स टूल मोफत आहे. यामल (YAML) या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कनेक्टर, केबल आणि जोडण्या लिहायच्या आणि एक कमांड द्यायची. ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने आकृती तयार होते, सोबत टीएसव्ही फाइलमध्ये (टॅबने कॉलम वेगळे केलेली मजकूर फाइल) पार्ट्सची यादी मिळते.

खरा फायदा टर्मिनलच्या मोजणीत आहे. समजा मोलेक्स केके 254 मालिकेतलं 4 पिनांचं हाउसिंग (कनेक्टरचं प्लास्टिकचं कवच) आहे आणि वायरी 3 आहेत. हाउसिंगच्या नोंदीतच 'अ‍ॅडिशनल कंपोनंट्स'खाली टर्मिनल लिहा, 'क्वांटिटी मल्टिप्लायर'ला 'पॉप्युलेटेड' द्या. यादीत टर्मिनल 3 येतील. पुढच्या रिव्हिजनला चौथी वायर जोडली की आपोआप 4 होतील. तिथे 'पिनकाउंट' लिहिलंत तर वायरी कितीही असोत, 4 च मोजली जातील.

सुट्या वायरी असतील तर 'कॅटेगरी'त 'बंडल' लिहा. नाहीतर सगळ्या मिळून एकच केबल धरली जाते आणि कोणत्या रंगाची किती मीटर मागवायची हे परचेसला कळत नाही. ही लांबी डिझाइनमधली असते. वेस्टेज त्यात नसतं, ते वेगळं धरा.

पार्ट नंबर नेहमी अवतरणचिन्हांत लिहा. मोलेक्सचे बरेच नंबर शून्याने सुरू होतात. 0022013047 तसाच लिहिला तर यामल वाचणारा प्रोग्राम सुरुवातीचं शून्य पाहून त्याला अष्टमान (8 च्या पायावरची) संख्या समजतो आणि यादीत 4724263 छापून येतं. एरर येत नाही, त्यामुळे ऑर्डर जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. यादी बरोबर असली तरी एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की सुरुवातीची शून्यं गळतात. इम्पोर्ट करताना तो कॉलम 'टेक्स्ट' निवडा.

हार्नेस अनेक असतील तर कनेक्टरांच्या व्याख्या एकाच सामायिक फाइलमध्ये ठेवा आणि कमांडच्या 'प्रीपेंड' पर्यायाने ती प्रत्येक हार्नेसला जोडा. वर्णनात एका अक्षराचा फरक पडला तरी तोच पार्ट यादीत दोन ओळींत विभागला जातो, आणि सगळ्या याद्या एकत्र करताना हा घोळ निस्तरण्यात वेळ जातो.

टर्मिनल त्या गेजच्या (जाडीच्या) वायरला बसतं का, हे मात्र वायरव्हिझ तपासत नाही. प्रत्येक टर्मिनलची डेटाशीट उघडून त्याची गेज-मर्यादा स्वतः बघा, आणि ती सामायिक फाइलमध्येच शेरा म्हणून लिहून ठेवा.